सोलो ज्याचा, वायर त्याची

आमच्या बँडची गाणी कित्येक वर्षं तीच आहेत, किस्से मात्र दर लग्नसराईत वाढतात. देवळीच्या टपरीवर बसलो की एकाने तोंड उघडायचा अवकाश, दुसरा चहा सांगितल्याशिवाय कोणी उठत नाही.

मी ऑक्टोपॅड वाजवतो. म्हणजे दिवसा शाळेत क्लार्क, लग्नसराईत कलावंत. गिटारवर दोघे : कापड दुकानवाले बंडूभाऊ आणि त्यांचा सख्खा साळा रवी. दोघांचे अँप, म्हणजे गिटारचा आवाज वाढवणारे खोके, वेगळे, पण एका अँपचा आवाज लॉनवर शेवटच्या खुर्चीपर्यंत जात नाही. मग रवीने मोबाईलवर बघून शोध लावला. अँपच्या मागे दोन भोकं असतात, सेंड आणि रिटर्न. एकाच्या सेंडमधली वायर दुसऱ्याच्या रिटर्नमध्ये खुपसली की एकच गिटार दोन्ही अँपमधून घुमते. नियम ठरला, सोलो ज्याचा, वायर त्याची. दुसऱ्याने तेवढा वेळ हात वर करून टाळ्या वाजवायच्या.

*

पहिला प्रयोग रोहणा गावच्या लग्नात, नवरदेवाच्या एन्ट्रीला. बंडूभाऊंनी घाईत वायरीची दोन्ही टोकं रिटर्नमध्येच घातली. दोन्ही अँप मुके! भाऊ डोळे मिटून, मान झटकून सोलो वाजवताहेत आणि ऐकू येतोय फक्त माझा ऑक्टोपॅड.

नंतर नवरीचे आजोबा मुद्दाम भेटायला आले. म्हणाले, "तुमच्यासारखा गिटारवाला पाह्यला नाई. कानाले बिलकुल तरास नाई."

भाऊंनी वाकून नमस्कार केला.

*

ह्या जोडणीत एक गंमत आहे. ज्या अँपच्या रिटर्नमध्ये वायर जाते, त्याची समोरची बटणं मरतात. गेन, बास, ट्रेबल, काहीही फिरवा, फरक शून्य. फक्त मास्टरचं बटण जिवंत राहतं, आवाज त्याच्या हातात.

एका लग्नात मोठे जवाई तणतणत स्टेजवर आले. "आवाज कमी करा, नाईतर मीच करतो."

"या न जवाईबापू, तुम्हीच करा," म्हणत रवीने त्यांना गेनचं मेलेलं बटण दाखवलं. त्यांनी ते अर्ध्यावर आणलं, कान देऊन ऐकलं. "हां. आता कसं मानसासारखं वाटून राह्यलं."

थोड्या वेळाने नवरीचा भाऊ आला, आवाज वाढवा म्हणून. त्यालाही तेच बटण दिलं. तोही खूश होऊन गेला.

*

मग आम्ही फ्लेक्स छापला. त्यात भाऊंच्या गिटारचा दांडा नेमका रवीच्या तोंडावर आला. रवी म्हणाला, मुद्दाम केलं. भाऊ म्हणाले, "त्यानं फ्लेक्सचं काई नुकसान झालं नाई." झालं, अबोला सुरू.

प्रॅक्टिसला समोरासमोर बसून दोघे माझ्यामार्फत बोलायचे.

"भाऊजीले सांग, गाणं जी मायनरमध्ये हाय."

"त्याले सांग, मले माहीत हाय."

मी ऑक्टोपॅड वाजवू की टपाल वाटू?

मला हसू यायचं, मीनावहिनींना नाही. त्या भाऊंची बायको आणि रवीची बहीण. एक दिवस मला दारातच थांबवून म्हणाल्या, "दादा, हे दोघं असेच राह्यले त मी भाऊबीजेले कोन्या तोंडानं माहेरी जाऊ?" मला फार वाईट वाटलं. कारण जाम गावच्या लग्नातला कार्यक्रम आपला शेवटचा, असं दोघांनीही जाहीर केलं होतं. अर्थात माझ्याजवळ.

*

जामच्या लॉनवर दोघांनाही पहिला सोलो हवा होता. पण विचारायचं कोणी? भाऊंनी गुपचूप आपल्या सेंडची वायर रवीच्या रिटर्नमध्ये घातली आणि पाणी प्यायला गेले. तेवढ्यात रवीने अँपमागच्या अंधारात चाचपडत आपली वायर भाऊंच्या रिटर्नमध्ये घातली. आता दोन्ही अँप आपलेच, अशा थाटात दोघे उभे राहिले.

गाणं सुरू झालं. भाऊंची गिटार रवीच्या अँपमधून आणि रवीची भाऊंच्या! भाऊंना आपला आवाज कमी वाटला, त्यांनी आपलं मास्टर वाढवलं. रवी गरजला. रवीने चिडून आपलं वाढवलं, तर भाऊ गरजले. मग भाऊंनी रागाने आपलं मास्टर शून्यावर आणलं, रवी गायब. रवीनेही आणलं, भाऊ गायब. लॉनवर पुन्हा माझा एकट्याचा ऑक्टोपॅड.

दोघे अँपच्या मागे वाकले, वायरी पाहिल्या, सरळ झाले. समोर पाहुणे थांबलेले. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घालून वाजवत राहिलो.

शेवटी भाऊ रवीकडे वळले. "वाढव न बे थोडा."

"कोनाचा?" रवी म्हणाला.

"माहा. तुह्याच हातात हाय न."

"पह्यले माहा वाढवा, भाऊजी."