बावधनपर्यंतची ऊब

उरवड्याहून निघालो तेव्हा सव्वाआठ झाले होते. गाडीच्या हँडलला डबा, डब्यात बर्फ, बर्फात प्लास्टिकची छोटी डबी आणि डबीत माझे तीन महिने. तासाभरात बावधनचा दवाखाना गाठायचा होता.

लग्नाला सहा वर्षं झाली, मूल नाही. बायकोच्या, म्हणजे सारिकाच्या, सगळ्या तपासण्या उरकल्यावर कुठे माझी पाळी आली. माझे शुक्राणू फारच कमी निघाले. डॉक्टरीणबाईंनी काम विचारलं. म्हटलं, कारखान्यात भट्टीवर. त्यांनी कागदावर चित्रच काढलं. वृषणात (गोटीत) शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात. त्याला अंगापेक्षा थोडा गारवा लागतो, म्हणून तर गोट्या पोटाबाहेर. तिथून ते मागच्या अधिवृषणात उतरतात. ही वीस फुटांची नळी बोटाएवढ्या जागेत गुंडाळलेली असते. तिथे दोनेक आठवडे मुक्काम, पोहायची ताकद तिथेच येते. मग शुक्रवाहिनी नावाच्या नळीने वर पोटात, मूत्राशयाला वळसा, वाटेत दोन ग्रंथींचा रस मिसळतो आणि शेवटी लघवीच्याच वाटेने बाहेर. चौतीस वर्षं हा घाटरस्ता माझ्या अंगात होता आणि मला पत्ता नव्हता.

मी भट्टी सोडली. पॅकिंगला बायका बसतात, तिथे जाऊन तीन महिने बसलो. पोरं हसली. म्हटलं, हसा लेको.

भूगावात गाड्या तुंबल्या होत्या. डबा ठिबकत होता.

"मासं हायेत व्हय?" वाहतूक पोलिसाने विचारलं.

"औषध हाय."

त्याने वाट करून दिली. पावणेनऊला मी दवाखान्यात होतो, छाती फुगवून.

प्रयोगशाळेतल्या बाईंनी डबा उघडला आणि आधी बर्फाकडे, मग माझ्याकडे पाहिलं. सूक्ष्मदर्शकाखाली एकही शुक्राणू हलत नव्हता.

"बर्फात ठेवायला कुणी सांगितलं?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

तात्यांनी. आमच्या शेजारी त्यांच्या तीन जर्सी गाई आहेत. कृत्रिम रेतनाला गुरांचा डॉक्टर थंड वाफा सोडणारी टाकी घेऊन येतो, ते पाहून तात्या ठामपणे म्हणाले होते, "बर्फात ने. बैलाचं बी गोठवूनच आणत्यात, अन् वासरं व्हत्यातच की." मलाही पटलं होतं.

"त्यात गोठवायच्या आधी खास द्रव घालतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमचे नुसते गारठले. आत असताना अंगापेक्षा दोन-तीन अंश गारवा लागतो, बाहेर आले की अंगाची ऊब. इथेच नमुना द्या ना."

"इथं जमत न्हाई, बाई. मागच्या वेळी तासभर बसलो होतो." मान खाली घालून विचारलं, "तीन महिने गेले का?"

"गेले कसे? मागून रोज नवे येतात. चार दिवसांनी आणा."

परतताना भूगावात मिसळ मागवली. रस्सा झणझणीत होता. तात्यांचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा. अर्धी ताटली सोडून उठलो. ठरवलं, चार दिवसांनी पुन्हा.

सारिका ऐकून हसली नाही. "माझ्यापाशी द्या," एवढंच म्हणाली.

पाचव्या दिवशी तिने डबी पोलक्यात, मोबाईल ठेवते तिथे खोचली, वरून पदर आवळून घेतला आणि माझ्या मागे बसली. पिरंगुटला एक ट्रक आडवा झाला होता. मी गाडी कडेच्या मातीतून काढली, घसरलो, सावरलो. तिने एका हाताने मला धरलं होतं, दुसरा छातीवर होता. भूगावात तोच पोलीस दिसला.

"आज डबा न्हाई?"

"न्हाई," मी म्हणालो.

सारिका मागे खुदकन हसली.

या वेळी प्रयोगशाळेतल्या बाईंनी आम्हा दोघांनाही बोलावलं. मी भिंगाला डोळा लावला. बाजाराच्या दिवशी पौडात असते तशी झुंबड. कुणी सरळ, कुणी गोल, कुणी जागच्या जागी.

"अजून थोडे कमी आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण पहिल्यापेक्षा पुष्कळ. आणि चालतायत."

आता सारिका वाकली. बराच वेळ तिने डोळा काढला नाही. माझे डोळे भरून आले, ते मी रुमालाने पुसले आणि लपवलेही नाहीत.

मूल होईल की नाही, हे त्या भिंगात दिसत नाही. पण मी पॅकिंगलाच बसणार आहे, लागतील तितके महिने.

उरवड्यात शिरलो तसे तात्या गोठ्यातूनच ओरडले, "काय रं, चालत्यात का?"

"चालत्यात," सारिकानेच उत्तर दिलं.

डबी बावधनलाच राहिली होती. तिचा हात मात्र अजून छातीवरच होता.