पंख्याखालची मुलाखत

पुण्यात ती मुलाखत अशी ऐकू जात होती.

“तुमच्यातला एखादा दोष सांगा.”

“हो मॅडम, एकदम साफ!”

“ग्राहकांशी भांडता का?”

“थोडी घाबरट आहे.”

“रात्रपाळी चालेल?”

“कधीच नाही, मॅडम!”

घाटंजीच्या सायबर कॅफेत बसलेली सुनीता राठोड प्रत्येक प्रश्नाला बरोबर उत्तर देत होती. ते पोचायचं मात्र उशिरा, पुढच्या प्रश्नावर. शेवटी मॅडम उखडल्या. “चहा पिऊन परत कॉल करते. लाइन तोवर सुधारली तर ठीक, नाहीतर पुढचा उमेदवार.”

सुनीतानं हेडफोन काढला आणि माझ्याकडं पाहिलं. मी ब्रॉडबँडवाली, यवतमाळहून तक्रार बघायला आलेली.

“ताई, काही तरी करा ना. नाही तर उद्या परत वेचणीले जा लागते मले.”

कापसानं सगळ्यांनाच रडवलेलं होतं त्या वर्षांत. तांड्यावरची ही पहिली बी.ए. झालेली पोरगी. विदर्भातल्या ग्राहकांचे फोन घ्यायची नोकरी होती, आणि ही शेवटची फेरी.

मी आमच्या साहेबांना फोन लावला.

“केबल बदलून पाहा,” साहेब म्हणाले. आमचे साहेब दात दुखला तरी केबल बदलायला सांगतील!

केबल चांगली होती. खोट वेगळीच होती. शेजारच्या कॉम्प्युटरवर फोटोग्राफर बंडूभाऊ एका अख्ख्या लग्नाचे फोटो अल्बम छापायला नागपूरला पाठवून राह्यले होते. आता हे समजून घ्या. इंटरनेटवर सगळं बारक्या बारक्या पाकिटांतून जातं. कॅफेतून बाहेर जायचा रस्ता अरुंद. फोटोंची पाकिटं त्यावर कापसाच्या गाड्यांसारखी लागलेली, आणि सुनीताचं “हो मॅडम” त्यांच्या मागं. या उशिरालाच आम्ही लेटन्सी म्हणतो. फोटो जरा मागं राहिले तर नवरीचं काय जातं? बोलणं मागं राहिलं की अर्थच बदलतो.

उपाय होता प्रायॉरिटी. म्हणजे राउटरला सांगायचं, पहिले कोणाला सोडायचं. सुनीता तीन नंबरच्या कॉम्प्युटरवर होती. मी पडद्यामागच्या राउटरपाशी गेले, तीन नंबरच्या वायरीला पहिला मान दिला आणि तिथूनच ओरडले, “झालं! आता बोल बिनधास्त!”

मॅडमचा कॉल आला, या वेळी स्पीकरवर. आणि बाप्पा! पहिल्यापेक्षा वाईट. सुनीता बोलायची, पुणं गप्प. पुणं बोलायचं, तेव्हा सुनीताचं मागचं उत्तर तिकडं पोचायचं. तेवढ्यात बंडूभाऊंची आरोळी.

“अरे वा! फोटो तर सुसाट सुटले ना भाऊ! जादू केली ताईनं!”

मी पडदा बाजूला केला. तीन नंबरवर बंडूभाऊ ऐसपैस बसलेले. सुनीता त्यांच्या जागी, दोन नंबरवर, पंख्याखाली.

“सुधाकरभाऊ, हिले कोणं उठवलं तिथून?”

“मीनं,” कॅफेचे मालक अभिमानानं म्हणाले. “घामाघूम झालती पोरगी. मुलाखत हाय, मान नको द्यायले? बंडूले म्हटलं, पेनड्राइव्ह घे अन् तू जाय तिकडं उन्हात.”

म्हणजे मी लाल दिव्याची गाडी सोडली, आणि तीत नवरदेवाचे काका, मामा आणि श्रीखंडाचे फोटो चढले! मला इतकं हसू आलं की राउटरचा पासवर्ड दोनदा चुकला.

आता मी वायरीचा नादच सोडला. राउटरला सांगितलं, पाकीट कोणत्याही खुर्चीवरून येऊ दे, त्यात बोलणं असेल तर पहिले सोड. फोटो, गाणी, फॉर्म, सारे मागून. सेव्ह दाबलं आणि श्वास धरून उभी राहिले.

“मॅडम, आता माझा आवाज येते का?”

“अरे! लगेच आला!”

कॅफेत टाळ्याच पडल्या. बंडूभाऊ बोंबलले, “माहे फोटो काहून अटकले?” सुधाकरभाऊंनी त्यांच्या तोंडात पेढा कोंबला. कोणत्या आनंदाचा, ते अजून ठरलं नव्हतं.

मॅडमनी मग नेमका प्रश्न टाकला. “मघाशी मी एवढी चिडले. तुम्ही शांत कशा राहिलात?”

सुनीतानं क्षणही लावला नाही. “मले बी राग आल्ता, मॅडम. पण तो लग्नाच्या फोटोंमागं अटकला होता!”

पुण्यातलं हसू खणखणीत ऐकू आलं. मॅडम हसता हसता म्हणाल्या, “ग्राहकांशी अस्संच बोलायचं. कधी येताय?”

“उद्या!” सुनीता किंचाळली. लेटन्सी शून्य.

तेव्हापासून नवीन पोरांना मी एकच शिकवते. मान खुर्चीला द्यायचा नाही, कामाला द्यायचा. राउटरला हे एका सेटिंगमध्ये समजलं. साहेबांना मी तसा मेल पाठवला होता. “केबल बदलून पाहा,” असं उत्तर आलं.