सिंकखालची नळी

भांडी घासायची मशीन घरात आली त्या दिवशी मी सकाळची अंघोळसुद्धा विसरलो होतो. आणून देणाऱ्या माणसानं खोकं उघडून मशीन ओट्याखाली सरकवली आणि म्हणाला, "जोडणारा आठ दिवसांनी येईल." आठ दिवस कोण थांबतो? लातूरच्या दाळमिलमध्ये उभं आयुष्य मोटारी आणि पट्टे सांभाळण्यात गेलं माझं. एका नळीसाठी मी लोकाची वाट बघू? म्हटलं, तुम्ही जा, मी बघतो.

खरं सांगतो, घाई मशीनची नव्हती, बायकोच्या हातांची होती. साबणाच्या पाण्यानं तिच्या बोटांची सालटं निघायची, भेगांतून रक्त यायचं. डॉक्टरांनी मलम दिलं आणि बजावलं, लावलं की दोन तास पाण्यात हात घालायचा नाही. आमच्या घरात दोन तास भांडी पडली नाहीत असा दिवस मी पाहिला नाही. ते मलम वर्षभर फडताळात तसंच पडून होतं, झाकणसुद्धा न उघडलेलं. कामाला बाई लावू म्हटलं, तर हिला दुसऱ्याचं घासलेलं पटत नाही. मशीनला कशीबशी तयार झाली, तीही अट घालून. "पाणी वाया घालवताना दिसली की परत पाठवायची. मग मी माझ्या हातानं घाशीन."

अट तशी रास्तच होती. टंचाईच्या साली मीच आमच्या सिंकचा पाईप गटारातून काढून भिंतीच्या भोकातून मागच्या अंगणात नेला होता. अंगण तीन पायऱ्या खाली आहे. तिथं अर्धा कापलेला निळा ड्रम ठेवलाय. भांड्यांचं पाणी त्यात साठतं आणि संडासात टाकायला कामी येतं. पाऊस चांगला झाला तरी तो ड्रम काही आम्ही हलवला नाही.

मशीनच्या पुस्तकात चित्र होतं. घाण पाण्याची नळी आधी ओट्याखाली उंच न्यायची, मग सिंकच्या पाईपला जोडायची. मला हसू आलं. पाण्याला आधी वर चढवायचं आणि मग खाली सोडायचं, हे कसले नखरे? मी नळी सरळ जमिनीवरून नेली, त्याच भोकातून बाहेर काढली आणि टोक ड्रममध्ये सोडलं. सिंकचा चांगला पाईप कापायची गरजच नाही. मी स्वतःवर लई खूश होतो.

बटण दाबलं. मशीन पाणी घ्यायला लागली तसा मी पाट घेऊन तिच्यासमोरच बसलो. पाच मिनिटं झाली, दहा झाली, पाणी घ्यायचं काही थांबेना. तेवढ्यात मागून बायकोचा आवाज आला.

"आवो, ड्रम भरून वाहून राहिला की."

धावत गेलो. ड्रममधून स्वच्छ, नितळ पाणी अंगणभर पसरलं होतं. एका भांड्यालासुद्धा न लागलेलं पाणी. माझं डोकं फिरलं. मशीनच खराब दिलीय, आत्ता फोन करून एकेकाला झापतो, असं काय काय बडबडत मी फोन शोधायला लागलो. पण बायकोची अट मला पाठ होती.

 बायकोनं ड्रममधलं नळीचं टोक बाहेर काढलं आणि डोक्याच्या वर धरलं. पाणी थांबलं. टोक खाली केलं, पाणी आलं. पुन्हा वर धरलं, थांबलं.

"टंचाईत टाकीतून नळीनं पाणी कोण काढत होतं?" ती म्हणाली. "तुम्ही तर मिलमध्ये होता. टोक खाली गेलं की टाकी आपोआप रिकामी होते, न्हाई उचललं तर थेंब उरत न्हाई. तुमची मशीन पाणी घेऊन राहिली आणि तुमची नळी सांडून राहिली."

 मी कसंबसं विचारलं, "म्हणजे परत पाठवायची का?"

"मशीननं कुठं सांडलं? तुम्ही सांडलं. आधी नळी वर बांधा."

मग काय, अंगात वारं शिरलं माझ्या. मशीन बंद करून मी सिंकखाली आडवा झालो. सिंकच्या पाईपला बाजूला एक बंद तोंड होतं, खास अशा नळीसाठीच ठेवलेलं. त्याची टोपी सुरीनं कापली. बायकोनं नळी ओट्याच्या तळाला टेकवून धरली, मी तिथं तारेनं बांधली, मग टोक खाली आणून त्या तोंडात बसवलं आणि नळीभोवतीची पट्टी पेचकसानं आवळली. पाणी शेवटी त्याच ड्रममध्ये जाणार होतं, म्हणून तीही खूश.

पुन्हा बटण दाबलं. मशीननं पाणी घेतलं आणि घ्यायचं थांबवलं. आतून भांड्यांवर पाणी आपटायचा आवाज सुरू झाला. मी जोडावर कोरडा कागद धरला. कागद कोरडाच राहिला. मला नाचावंसं वाटत होतं, खोटं कशाला सांगू.

बायको बराच वेळ त्या आवाजाकडं कान देऊन उभी होती. हात नुसतेच लोंबत होते, त्यांना काही काम नव्हतं. मग तिनं फडताळ उघडलं, मलमाची ट्यूब काढून माझ्या हातात दिली आणि दोन्ही तळवे पुढं केले. मी एकेका भेगेत मलम भरलं.

"आता दोन तास," ती म्हणाली आणि पाटावर बसली. "चहा तुम्ही टाका."