जेवणाआधीचे आभार

बनशंकरीत माझ्या समोरच्या दारात राहणाऱ्या बाईंचं नाव मला अजून माहीत नाही. सगळी बिल्डिंग त्यांना ‘पाच पोरांची अम्मा’ म्हणते. त्यांचं दार कायम उघडं असतं. रात्री पाचही मुलगे येशूच्या तसबिरीखाली गोल बसतात, डोळे मिटून अन्नाबद्दल देवाचे आभार मानतात आणि ताटांवर तुटून पडतात. बाई तेव्हा पुढचा डोसा घालत असतात. ‘आमेन’ त्या स्वयंपाकघरातूनच म्हणतात.

एकदा जिन्यात मी उगाच कौतुक करायला गेलो. म्हटलं, “अक्का, मुलांना छान वळण लावलंत.” भाजीच्या पिशव्या खाली ठेवून त्यांनी पदरानं मान पुसली आणि मोडक्या हिंदीत म्हणाल्या, “हो, मीच लावलं. आता जेवण कुणी दिलं विचारलं, की सगळे वर बघतात.”

गेल्या आठवड्यात त्या तापानं आतल्या खोलीत पडून होत्या. मुलांनी बाहेरून जेवण मागवलं. थोरल्यानं दारात पार्सल घेतलं आणि आणून देणाऱ्याला अगदी मनापासून म्हणाला, “थँक्यू, अण्णा.”

घर लहान आहे. आत ऐकू गेलंच असेल.