निळ्या बोटीकडचं येणं

माझी शाळा तिसरीपर्यंत. चौथीचं पुस्तक घेतलं होतं, ते कोरंच राहिलं. पण बर्फाचा कारखाना मी उभा केला तो कुणाच्या शिकलेल्या डोक्यावर नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पाम गावाला आमची नारळ-चिकूची वाडी. वाटण्या झाल्यावर माझ्या वाट्याची अर्धी वाडी गहाण टाकली आणि खाडीच्या अंगाला जागा घेतली. भाऊ हसले. वाडीवाल्याला बर्फातलं काय कळणार, म्हणाले. गहाण सुटलं तेव्हा कोणी हसलं नाही.

बर्फ विकणारा माणूस संशयी होतोच. फ्रीज विकणाऱ्याचे हप्ते थकले तर तो जाऊन फ्रीज उचलून आणतो. मी काय उचलून आणू? बर्फाची लादी मशीनमध्ये गेली, चुरा झाला, बोटीच्या खणात पडली, चार-सहा दिवसांत समुद्रावर पाणी झाली. गिऱ्हाईक म्हणालं की आम्ही एवढ्या लाद्या घेतल्याच नाहीत, तर दाखवायला माझ्याकडे काय उरतं? एक वही. म्हणून माझी लाल वही मी कुणाच्या हातात देत नसे. एका लादीला एक रेघ, चार उभ्या आणि पाचवी आडवी. खातं बोटीच्या रंगावरून. निळी, हिरवी, पिवळ्या पट्ट्याची. मालक बदलतो, बोट चालवणारा तांडेल बदलतो, रंग तीन-चार वर्षं टिकतो.

मुलगा बोईसरला कंपनीत शिफ्टवर जातो, त्याला बर्फात रस नाही. सून मात्र हिशेबातली, बी.कॉम. झालेली. तिचे वडील घाटावरचे, अणुवीज प्रकल्पात नोकरीला आले आणि ती तारापूरच्या कॉलनीत वाढली. लग्न होऊन आली तेव्हा मासा साफ करताना नाकाला पदर लावायची. वर्षभरात मात्र तिने माझ्या लाल वहीतलं सगळं कॉम्प्युटरवर चढवलं. कारखान्याच्या भिंतीवर पैसे घ्यायचं ते चौकोनी चित्र लावलं. शेजारी एक बोलका डबा ठेवला. कोणी फोनवरून पैसे टाकले की डबा आकडा ओरडून सांगायचा. मला डबा आवडला. पैसे कुठे जातात ते दिसत नव्हतं, पण निदान ऐकू तरी येत होतं.

गोष्ट मार्चमधली. पालघरच्या सीएने येण्यांची यादी मागितली होती. सूनबाई कागद घेऊन माझ्यासमोर बसली.

"बाबा, ही सहा महिन्यांच्या आतली येणी. ही वर्षाच्या आतली. आणि ही तीन खाती त्याहून जुनी. ती बुडीत दाखवू या."

"बुडीत कोण म्हणतं?"

"येण्याची आशा नाही म्हणून. नुसतं येणं येणं म्हणत राहिलो तर कागदावर आपण श्रीमंत दिसतो आणि पैसा तर हातात नाही. सीए म्हणतात, जे येणार नाही ते नफ्यातून कापून मोकळं व्हायचं."

"आणि उद्या त्यांना कळलं की आपण सोडून दिलं, तर? मरेपर्यंत देतील का?"

"त्यांना कोण सांगणार?"

हेच तर. कोण सांगणार, हाच माझा प्रश्न होता.

तिसऱ्या खात्यावर माझं बोट थांबलं. मुरबे गावाची निळी बोट, बुडीत अठ्ठावन्न हजार दोनशे. माझ्या लाल वहीत एकसष्ट हजार दोनशे होते. अक्षर मला हळू वाचता येतं, पण आकडा मला कोणी चुकवू शकत नाही. तीन हजार कमी. ज्याच्याकडून छदाम येणार नाही असं ही बाई सांगते, त्याचे तीन हजार कमी कसे झाले?

मी विचारलं नाही. विचारलं की माणूस सावध होतो. "बघू," एवढंच म्हणालो आणि चहा मागितला.

त्या दिवसापासून मी तिच्यावर नजर ठेवली. लपवत नाही. दोन गोष्टी दिसल्या. एक, बोलक्या डब्याची वायर अधूनमधून काढलेली असायची. विचारलं तर म्हणाली, "फोनच्या चार्जिंगला दुसरी जागा नसते, बाबा." दुसरी गोष्ट चपलांची. एका दुपारी ती स्कूटर काढून गेली, पालघरला बँकेत जाते म्हणून. परत आली तेव्हा ओट्यावरच्या तिच्या चपलांना काळा चिखल होता, खाडीचा, सुकत आलेला, त्यात एक खवला चिकटलेला. पालघरच्या बँकेत मी चाळीस वर्षं जातोय. तिथे खवले नसतात.

मनात सगळं जुळलं. निळ्या बोटीवाला तिला फोनवर थोडे थोडे देतो. ती खिशात टाकते. मग खातं बुडीत दाखवून पुसून टाकलं की कोणाला पत्ता लागणार? पुसलेल्या खात्याची चौकशी कोण करतो? माझ्यासारखा म्हातारा, ज्याची वही कपाटात गेली. मी ठरवलं, मुरब्याला जायचं, बोटवाल्याच्या तोंडून ऐकायचं, आणि खरं निघालं तर त्याच संध्याकाळी मुलासमोर तिच्याकडून कारखान्याच्या किल्ल्या काढून घ्यायच्या. त्यानंतर त्यांचा संसार कसा चालेल, हा विचार मनात आला होता. पण चोरी ती चोरी.

सकाळी लाल वही पिशवीत घातली, वर दोन नारळ ठेवले, म्हणजे दिसू नये, आणि रिक्षाने मुरब्याला गेलो.

निळी बोट इंजिनाच्या कामाला काठावर ओढून ठेवली होती. रंग उडाला होता. तिचा तांडेल, तोच मालक, घरासमोर जाळं विणत बसला होता. त्याची बायको दारात बोंबील वाळत घालत होती.

"या या, शेट! आज कसे पायाने आलात? बर्फ वितळला काय सगळा?"

"हिशेबाचं बघायला आलो."

"आता कसला हिशेब?" बायको म्हणाली. "तो तर मिटला."

खरं सांगतो, मला बरं वाटलं. संशय खरा निघाला की माणसाला बरं वाटतं.

"मिटला? कोणाला दिले पैसे?"

"पैसे तीनच हजार. तुमच्या सूनबाईला, फोनवरून. बाकीचं तर मासळीत गेलंय, शेट."

"कसली मासळी?"

दोघं एकमेकांकडे बघायला लागली. तांडेलाने सुई खाली ठेवली.

"तुमीच बोललेलात ना, शेट. त्या वरसाला जाळं फाटलं, इंजीन बसलं, मी तुमच्या मशीनपाशी रडकुंडीला आलेलो. तुमी बोललात, पैसे जमत नाय तर मासळी घरी पाठव, बंदराच्या भावाने कापून घेऊ. चार खलाशांसमोर बोललात."

मी म्हणालो असेन. त्या काळात मी बरंच काही बोलायचो, चार माणसं ऐकत असली की जास्तच.

"आणि तवापासून दर फेरीला मासळी येतेय की नाय घरी?" बायकोने विचारलं.

येत होती. तीन वर्षं येत होती. पापलेटची जोडी, कधी सुरमईचा तुकडा, एकदा अख्खी घोळ, सगळ्यात महाग मासळी. खलाशी दारात येऊन वाकून पिशवी ठेवायचा. मला वाटायचं, हा मान आहे. बोट किनाऱ्याला लागली की बर्फवाल्याचं घर आठवतं यांना, असं मी लोकांना सांगायचो. त्या घोळीचा अर्धा भाग मी पामला भावांकडे पाठवला होता, फक्त दाखवायला.

"वहीत नाही," मी म्हणालो. "माझ्या वहीत एकही मासा नाही."

"माझ्याकडे हाय ना."

ती आत गेली आणि दोऱ्याने बांधलेली गुंडाळी घेऊन आली. भिंतीवरची कॅलेंडरं, तीन वर्षांची. तिने ओट्यावर पसरली, कोपऱ्यांवर माझेच नारळ ठेवले. चौकोनाचौकोनात पेन्सिलीने लिहिलेलं. किती, काय आणि खाली भाव. अक्षर माझ्यासारखंच, ओबडधोबड. पण एक चौकोन चुकलेला नाही.

मी बोट लावून वाचत गेलो. मधेच अडवलं. "या दिवशी तर वाऱ्याने बोटी बंद होत्या. भाव एवढा कसा?"

"बोटी बंद होत्या म्हणून तर एवढा."

मी पुढच्या चौकोनाकडे सरकलो. एका चौकोनात पापलेट वीस. तारीख ओळखीची वाटली. मुलाचा साखरपुडा. कॉलनीतून व्याही आले होते. मी ताटाताटांतून फिरत सांगत होतो, "खा, विकत घेतलेलं नाही, मुरब्याच्या बोटीने मानाने पाठवलंय." त्या वीस पापलेटांचा भाव त्या चौकोनात होता. मोठ्या पापलेटचा भाव.

"सूनबाईनी पण असंच बोट लावून वाचलं," बायको म्हणाली. "दोन येळा आल्या. पहिल्यांदा भांडायलाच आल्या, पैसे का देत नाय म्हणून. मग हे बघितलं नि गप बसल्या. सगळं उतरवून नेलं. बाकी तीन हजार निघाली, ती लगेच दिली आमी."

"मग मला का नाही सांगितलं?"

"दुसऱ्या येळेला त्या हेच सांगायला आल्या, बाबांना बोलू नका. मी कागदावर बघून घेते."

तांडेल हसला. "शेट, खाल्लंत तेवढं खाल्लंत, आता दुसऱ्यांदा नका मागू."

मी हसलो नाही. नारळ तिथेच ठेवून आलो.

रिक्षात बसून मी हिशेब लावत राहिलो, आणि तो कुठूनही लावला तरी माझ्याकडेच येत होता. ज्या बाईला मी चोर ठरवलं होतं तिला सगळं ठाऊक होतं. मला कमीपणा येऊ नये म्हणून तिने एका प्रामाणिक बोटीला बुडव्यांच्या यादीत बसवलं होतं. माझ्यावर दया दाखवली होती, माझ्याच कारखान्यात. चोरी परवडली असती.

तरी एक गाठ उरली होतीच. बाईने तीन हजार दिले म्हणते. ते आले कुठे?

सून कारखान्याच्या ऑफिसात होती. मी बसलो नाही.

"निळ्या बोटीचे तीन हजार दाखव."

ती माझ्याकडे बघत राहिली. माझ्या पायाकडे. माझ्या चपलांनाही काळा चिखल होता. मग तिने कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. निळी बोट, जमा तीन हजार, कारखान्याच्या बँकखात्यात. तारीख ती यादी घेऊन माझ्यासमोर बसली त्याच्या आठवडाभर आधीची. मी आकडा दोनदा वाचला.

"डब्याची वायर?"

"बाबा, खरंच चार्जिंगला लागते."

"आणि बाकीचं बुडीत का लिहिलंस? ते बुडालं नाही. ते मी खाल्लंय."

"तुम्ही एकट्याने नाही. मीही खाल्लंय. माझ्या माहेरच्यांनीही." "तुम्हाला कसं सांगणार होते? तुम्ही अजून सगळ्यांना सांगता, बोटीवाले मान देतात म्हणून."

मी खुर्ची ओढली. "खोड ते. त्या बोटीसमोर चुकता लिही. सगळं. माझी गिऱ्हाइकं बुडवी नाहीत."

"मग अठ्ठावन्न हजार कुठे टाकू? कुठेतरी टाकायला लागेल ना?"

"मालकाने कारखान्यातलं घरी नेलं, तर तुमच्यात काय लिहितात?"

"उचल."

"मग माझ्या नावावर उचल टाक."

"बाबा, मालकच आहात तुम्ही, त्यात परत द्यायचं असं काही—"

"टाक."

तिने टाकली. सीएने फोनवर हसून विचारलं म्हणे, म्हाताऱ्याला झालंय काय. तिने काय उत्तर दिलं ते मला सांगितलं नाही. मीही तिला सांगितलं नाही की त्या सकाळी मी किल्ल्या काढून घ्यायला निघालो होतो. तिला कळलं असणार. पिशवीतून लाल वही डोकावत होती.

आता दर महिन्याला नारळाचे पैसे आले की त्यातले दोन हजार मी कारखान्यात भरतो. पावती मागतो आणि तिच्यासमोर तपासतो. ती यादी काढते तेव्हा सगळ्यात खाली मी असतो. मागच्या वेळी वर्षाच्या वरच्या रकान्यात होतो. मी तिला बजावलंय, मला बुडीत दाखवायचं नाही. ती म्हणाली, "तुमचं बघू, बाबा." हे बघू ती माझ्याकडूनच शिकली.

पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठल्यावर निळ्या बोटीचा तांडेल स्वतः दारात आला. बोटीला नवा रंग दिला होता, निळाच. हातात पापलेटची जोडी.

"हे हिशेबातलं नाय, शेट. असंच."

मी आतून ताणकाटा आणला आणि पिशवी आकड्याला लावली.

"अवो शेट, दिलेलं पण तोलून घेता?"

"भाव सांग आजचा."

त्याने कपाळावर हात मारून घेतला, पण भाव सांगितला. थोडा कमीच सांगितला असावा, मी दुसऱ्या दिवशी बंदरावर विचारून घेतला. जेवताना सुनेने माझ्या ताटात मधला तुकडा वाढला आणि विचारलं, "कुठे लिहू?"

"माझ्या नावावर," मी म्हणालो. "आणि बंदरावरच्या भावाने."