आप्पांनी मारलेला फटका

आज पार्सल उघडलं आणि नव्या कपलिंगांच्या तेलाचा वास आला. मॉडेल रेल्वेचे डबे एकमेकांना जोडणारी ही नखाएवढी कपलिंगं. त्या वासासरशी वीस वर्षांपूर्वीची, कोल्हापुरातल्या घरातली एक दुपार डोळ्यांपुढे उभी राहिली.

टेबलावर मी दोन प्रकारची कपलिंगं मांडली होती. एक हाताने अडकवायचं हुकाचं, दुसरं डबे टेकले की आपोआप बसणारं. मालगाड्या जोडण्यात हयात घालवलेले माझे वडील, आप्पा, शेजारी चहा पीत होते. त्यांना आवडेल म्हणून मी जुन्या गाड्यांसारखं हुकाचं निवडलं आणि ते अडकवायला दोन डब्यांच्या मधे बोटं घातली.

फाडकन माझ्या हातावर फटका बसला. आप्पांची कपबशी खाली पडून फुटली.

"मधी हात घालू नगंस!" ते ओरडले.

त्यांनी माझ्यावर कधी हात उगारला नव्हता. मी तिशीतली बाई, थिजून बघत राहिले.

"खेळण्यातली गाडी हाय की, आप्पा!"

"व्हय." त्यांनी हुकाच्या कपलिंगावर बोट ठेवलं. "बाबू असाच हूक लावाय मधी शिरलता. मला वाटलं, त्यो भायेर आलाय. मीच इंजिनाला हिरवा बावटा दावला."

त्यांचे जोडीदार बाबूकाका यार्डात अपघाताने गेले, एवढंच आम्हाला माहीत होतं.

आप्पांनी दुसरं कपलिंग माझ्यापुढे सरकवलं. "ह्ये लाव. ह्यात कुणाला मधी जावं लागत न्हाय."

मी खाली बसून बशीचे तुकडे वेचत राहिले. आज वाटतं, ते तुकडे तसेच पडू द्यायचे आणि आप्पांना जवळ घ्यायचं होतं.