लाल नेलपॉलिशचा गळ

आमच्या ग्लेंडाइव्हमध्ये आर्लिस ट्वाइटला ओळखत नाही असा माणूस एक तर गावात नवा असतो, नाही तर ठार बहिरा. बाईचा आवाजच तसा. तरुणपणी तिनं बिटाचे ट्रक चालवले, मग शाळेचं स्वयंपाकघर सांभाळलं. तिच्या हातचं जेवलेली पोरं आता आजोबा झालीत, तरी बाजारात ती समोर आली की त्यांचे हात आपोआप खिशातून बाहेर येतात. धुतलेत की नाही, हे ती अजून विचारते.

मी वॉली. रेल्वेतून निवृत्त झालो, आणि दर मे महिन्यात यलोस्टोन नदीच्या काठावर, इनटेक नावाच्या बंधाऱ्याखाली, आर्लिसच्या डाव्या हाताला उभा राहतो. उजव्या हाताला तिची भावजय डेल्फीन असते. म्हणजे दोघींचं भांडण ऐकायला माझ्याइतकी चांगली जागा दुसरी नाही. आर्लिसचा भाऊ ऑर्विल शहाणा आहे, तो पिकअपच्या काचा वर करून रेडिओवर बेसबॉल ऐकत बसतो.

पॅडलफिश हा मासा आमिषाला तोंड लावत नाही. त्याला वल्ह्याएवढं लांब नाक, आणि खातो काय, तर डोळ्यांनाही न दिसणारे पाण्यातले जीव. त्यामुळे त्याला लालूच दाखवून उपयोग नाही. वसंतात बर्फाचं पाणी येऊन नदी चहासारखी गढूळ झाली की हे मासे वर चढतात. तेव्हा लांबलचक काठीनं मोठा तिहेरी गळ फेकायचा आणि झटके देत देत ओढायचा. गळ अंगात रुतला तर रुतला. दिवसभरात खांदे निकामी होतात. आम्ही याला मजा म्हणतो.

आर्लिसच्या गळावर वजन म्हणून जुना स्पार्क प्लग बांधलेला असतो, आणि त्याला ती लाल नेलपॉलिश फासते. एकदा कुणीतरी तिचा गळ आपला म्हणून उचलला होता, तेव्हापासून हे सुरू झालं. स्वतःच्या नखांना बाईनं उभ्या जन्मात रंग लावला नाही.

तिचा नवरा हार्लन तिला याच काठावर भेटला. तिनं फेकलेला गळ मागं उभ्या असलेल्या त्याच्या जाकिटात अडकला होता. "आर्लिसनं धरलेला पहिला मासा," असं तो स्वतःच सांगायचा. त्यांच्या लग्नाला त्यांनीच पकडलेला पॅडलफिश तळून वाढला, आणि तेव्हापासून घरात रीतच पडली. ट्वाइटांच्या लग्नात आर्लिसचा मासा असायचाच. हार्लन गेल्यावरही तिनं ती मोडू दिली नाही.

यंदा नातीचं लग्न होतं. कर्स्टन ही तिची सगळ्यांत धाकटी, लाडकी नात. "आजी, मासा हवा हं," एवढंच ती म्हणाली होती. आजीनं छातीवर हात ठेवून कबूल केलं.

पण यंदा मासे लवकर चढले. धरलेल्या प्रत्येक माशाला परवान्याचा बिल्ला लावायचा, आणि सरकारनं ठरवलेला माशांचा आकडा भरला की हंगाम बंद, आणि आकडा भरत आला होता. शुक्रवारी सकाळीच खबर आली की संध्याकाळी भोंगा वाजणार. आर्लिसच्या हाताला अजून काही लागलं नव्हतं.

"मी हॉलवाल्याला कोंबडी सांगून ठेवलीय," डेल्फीन म्हणाली. ही बाई नदीवरही लिपस्टिक लावून येते.

"रद्द कर."

"का गं? मासा तुझ्या पिशवीत आहे का?"

"नदीत आहे. तुझ्यासारखं तोंड चालवत नाही म्हणून दिसत नाहीये."

"कोंबडीनं कुणी मेलं नाही, आर्लिस. माझ्या लग्नात कोंबडीच होती."

हे वाक्य मी चाळीस वर्षं ऐकतोय. दर वेळी आर्लिस नदीकडे बघते आणि जोरात गळ फेकते. त्या दिवशीही तिनं तेच केलं. गळ बुडाला, तिनं झटका दिला, आणि काठी धनुष्यासारखी वाकली.

"लागला?" मी विचारलं.

तिनं ओढलं, सैल सोडलं, पुन्हा ओढलं. काही हललं नाही. तिथं पाण्याखाली कॉटनवूडचं एक जुनं खोड पडलंय. आम्ही त्याला म्हातारी म्हणतो. काठावरच्या प्रत्येकाचे गळ तिनं खाल्लेत, आणि कुणाचा अडकला की सगळ्यांत मोठ्यानं हसणार आर्लिस. "अरे, ते लाकूड आहे, त्याला बिल्ला लावून घरी नेतोस का? मासा हलतो, लाकूड हलत नाही! एवढंही कळत नाही तर घरी बसून टीव्हीवर मासे बघ!"

"म्हातारी," ती वैतागून म्हणाली. सुरी काढली, दोर कापला आणि नवा गळ बांधायला बसली. खांदा दुखतोय हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं, पण विचारायची माझी छाती नव्हती.

दुपार कलायला लागली. मी सँडविच संपवत होतो, तेवढ्यात डेल्फीन किंचाळली.

"लागला! लागला!"

ही आरोळी उठली की काठावरचा प्रत्येक जण आपापला दोर गुंडाळतो. वैरी असला तरी गुंडाळतो, नाही तर दोरांचा गुंता होऊन मासा जातो. आर्लिसनं सगळ्यांत आधी गुंडाळला. मासा प्रवाहाबरोबर खाली निघाला, डेल्फीन मागोमाग दगडांवरून, आणि आर्लिस तिचा कमरपट्टा मागून घट्ट धरून.

"काठी वर! वर! तू काय झाडू मारतेस का?"

"ओरडू नकोस!"

"मग ऐक! जाऊ दे त्याला, जाऊ दे... आता गुंडाळ! वॉली, बूट काढत बसू नकोस, उतर पाण्यात!"

मी उतरलो. पाणी असं गार होतं की माझ्या तोंडून जे निघालं ते पाद्रीबाबांनी ऐकलं नाही हे बरं. मासा दमून काठाशी आला तेव्हा मी शेपटीत दोरीचा फास टाकला आणि आम्ही तिघांनी मिळून त्याला चिखलात ओढलं. मादी होती, आणि ऑर्विलएवढी. ऑर्विलसुद्धा गाडीतून बाहेर आला, यावरून समजा.

डेल्फीनचा गळ पाठीत होता. पण शेपटीजवळ आणखी एक गळ रुतलेला होता. वर स्पार्क प्लग, त्याला लाल नेलपॉलिश, आणि मागं हातभर दोर. दोराचं टोक सुरीनं कापलेलं, सरळ.

मग डेल्फीन चिखलात खाली बसली आणि हसायला लागली. इतकी हसली की तिची टोपी पडली.

"म्हातारी!" ती म्हणाली. "अगं, तुझ्या म्हातारीला शेपूट आहे!"

बातमी काठावरून बंधाऱ्यापर्यंत पोचायला तेवढा वेळ लागला जेवढा हसायला लागतो. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. तीस वर्षांचे टोमणे लोकांनी एका तासात परत केले. कुणी लाकडं पेटवायला माचिस घेऊन आलं, कुणी म्हणालं, आर्लिस, मासा हलतो बरं का. मीसुद्धा दोन बोललो. सोडतोय थोडाच.

ती मात्र गळ फेकत राहिली. नियम साधा आहे: ज्यानं काठाला आणला त्याचा मासा, बिल्ला त्याचा. डेल्फीननं आपला बिल्ला लावला होता. आर्लिस फेकत राहिली, खांदा धरून, पुन्हा फेकत राहिली, आणि सूर्य खडकांमागं जाताना भोंगा वाजला.

तिनं दोर गुंडाळला. मग सरळ डेल्फीनपाशी गेली. या बाईला मी कुणाकडे मीठसुद्धा मागताना पाहिलेलं नाही.

"डेल्फीन. तो मासा कर्स्टनच्या लग्नाला दे."

"का? कोंबडी आहे की."

"डेल्फीन."

"माझ्या लग्नाला का नव्हता मासा?" डेल्फीनचा आवाज एकदम लहान झाला. "सगळ्यांच्या लग्नाला होता. मला वाटलं, तुला मी पसंत नाही."

आर्लिसनं हातातली काठी खाली टाकली. "अगं बाई, त्या वर्षी नदीत पाणीच नव्हतं! आम्ही दोघं रोज येत होतो. शेवटच्या दिवशी मी ट्रकमध्ये बसून रडले. हार्लन म्हणाला, सांगू नकोस, नव्या नवरीला वाईट वाटेल."

"चाळीस वर्षं?"

"तू विचारलं नाहीस!"

"तू सांगितलं नाहीस!"

दोघी एकमेकींवर इतक्या ओरडल्या की ऑर्विलनं रेडिओ बंद केला. शेवटी डेल्फीननं नाक पुसलं.

"घेऊन जा. पण लग्नात मी उभी राहून सांगणार, तू माशाला लाकूड समजून दोर कापलास."

"सांग."

"सगळं सांगणार."

"सांग म्हटलं ना! आवाज चढवून सांग, त्या हॉलमध्ये मागं ऐकू येत नाही."

आणि लग्नात डेल्फीननं सांगितलंच. हॉलच्या मधोमध उभी राहून, तो लाल स्पार्क प्लग हातात उंच धरून. नवरदेवाकडची माणसं बिलिंग्ज शहरातली, त्यांनाही हसून उचक्या लागल्या. कर्स्टन पांढऱ्या झग्यात टेबलावर डोकं टेकून हसत होती. आर्लिस मागं कढईपाशी उभी होती. माशाचं लाल मांस तिनं स्वतः कापून काढलं होतं, ते राहिलं तर चिखलाची चव येते. पांढरे तुकडे बियरमध्ये कालवलेल्या पिठात बुडवून तेलात सोडत होती. मी जवळून पाहिलं. तिची दहाही नखं लाल होती.

"हे काय?" मी विचारलं.

"बाटली उरली होती. तुझं काम कर."

ट्वाइटांकडे पहिला तुकडा नवरीला जातो. आर्लिसनं तो ताटलीत घेतला, हॉलमधून चालत आली, कर्स्टनसमोर क्षणभर थांबली. कर्स्टननं मान डोलावली. मग आर्लिस पुढं गेली आणि ताटली डेल्फीनसमोर ठेवली.

"तुझ्या लग्नाचा आहे," ती म्हणाली. "उशीर झाला, पण गरम आहे."

डेल्फीननं लिपस्टिक पुसली. तिनं तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले, बराच वेळ चावत राहिली. गालांवरून पाणी ओघळत होतं, तिनं पुसलं नाही.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली, आणि ताटली पुढं केली. "आणखी एक दे."